गरुडासाठी थांबणारी पवनचक्की

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, कॅस्पर शहराजवळच्या उघड्या माळरानावर ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ नावाचा पवनऊर्जा प्रकल्प आहे. तेथील पवनचक्क्यांच्या रांगांमध्ये अधूनमधून एखादा सडपातळ, जेमतेम १० मीटर उंचीचा मनोरा नजरेस पडतो. त्याच्या माथ्याशी आठ स्थिर कॅमेऱ्यांचे कडे असते आणि त्यावर चहूबाजूंना वळू शकणारी कॅमेऱ्यांची एक जोडी. आकाशात काही हलले की कड्यातील कॅमेरा त्याची नोंद घेतो. वरची जोडी तत्काळ त्या दिशेला वळते, दोन भिंगांतून दिसणाऱ्या प्रतिमांच्या फरकावरून पक्ष्याचे अंतर मोजते आणि संगणक त्याच्या आकारावरून व उड्डाणाच्या ढबीवरून तो गरुड आहे की नाही हे ठरवतो. गरुड असेल आणि त्याचा रोख एखाद्या पवनचक्कीकडे असेल, तर त्या चक्कीला थांबण्याचा आदेश जातो. पात्यांचा कोन बदलतो, वारा त्यांवरून निसटू लागतो आणि चक्की मंदावते. गरुड निघून गेला की ती पुन्हा फिरू लागते. हे सारे घडत असताना माणसाचा हात कोठेही लागत नाही.

‘आयडेंटिफ्लाइट’ नावाच्या या यंत्रणेची खरी परीक्षा वेळेची असते. सेकंदाला १५ मीटर वेगाने येणारा गरुड ६०० मीटर अंतर ४० सेकंदांत कापतो. तेवढ्या अवधीत त्याला पाहायचे, ओळखायचे आणि शंभर मीटर व्यासाचे फिरते चक्र जवळजवळ थांबवायचे. म्हणूनच पक्षी सुमारे एक किलोमीटरवर असतानाच त्याची ओळख पटवण्यावर यंत्रणेचा भर आहे.

ही यंत्रणा याच माळावर येण्यामागे एक खटला आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये या प्रकल्पाची तत्कालीन मालक ‘ड्यूक एनर्जी रिन्यूएबल्स’ या कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. वायोमिंगमधील तिच्या दोन प्रकल्पांत २००९ ते २०१३ या काळात १४ सोनेरी गरुड आणि १४९ इतर संरक्षित पक्षी मारले गेले होते. स्थलांतरित पक्ष्यांसंबंधीच्या १९१८ सालच्या कायद्याखाली पवनऊर्जा कंपनी दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ. कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले. पुढच्याच वर्षी ‘पॅसिफिकॉर्प’ला २५ लाख डॉलरचा भुर्दंड बसला, तर २०२२ मध्ये आणखी एका कंपनीने अनेक राज्यांत मिळून किमान १५० गरुडांच्या मृत्यूची कबुली देऊन ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम मान्य केली. पक्षी वाचवणाऱ्या तंत्रज्ञानाला बाजारपेठ मिळाली ती अशी. केवळ भूतदयेपोटी ती मिळाली असती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

घारीची नजर आणि तिची मर्यादा

मराठीत तीक्ष्ण दृष्टीला ‘घारीची नजर’ म्हणतात. मग अशी नजर लाभलेल्या पक्ष्यांना घराएवढी पाती दिसत कशी नाहीत? पहिले उत्तर वेगाचे आहे. शंभर मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला १५ फेरे घेते तेव्हा दुरून ते संथ, जवळजवळ आळसावलेले वाटते. पण पात्याचे टोक त्या वेळी ताशी २८० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे विल्यम होडोस यांनी खरूची पक्ष्यांच्या डोळ्यांतील नेत्रपटलाचे विद्युत प्रतिसाद मोजून दाखवले, की पाते जवळ येते तशी त्याची प्रतिमा पटलावरून इतक्या झपाट्याने सरकते की ती पुसट होत होत पारदर्शक भासू लागते. म्हणजे पक्षी चक्कीच्या जितका निकट, तितकी त्याच्या दृष्टीने पुढची वाट मोकळी!

दुसरे उत्तर डोळ्यांच्या ठेवणीत आहे. ब्रिटिश संशोधक ग्रॅहम मार्टिन यांनी सहकाऱ्यांसह गिधाडांचे दृष्टिक्षेत्र मोजले. डोळ्यांवरच्या हाडाच्या कंगोऱ्यामुळे गिधाडाला वरची बाजू दिसत नाही. ही रचना उन्हापासून बचाव करणारी आहे. परंतु भक्ष्य शोधताना गिधाड डोके खाली झुकवून उडते आणि मग तोच आंधळा पट्टा नेमका त्याच्या प्रवासाच्या दिशेला येतो. लक्षावधी वर्षे आकाशात समोरून काही आडवे येत नव्हते, तेव्हा समोर पाहण्याची गरजही नव्हती. माळढोकाच्या आफ्रिकी नातलगांतही याच स्वरूपाचा दोष आढळला आहे.

पवनचक्क्यांची बाजू घेणारे येथे एक आकडेवारी पुढे करतात आणि ती खरी आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजांनुसार अमेरिकेत पवनचक्क्यांमुळे वर्षाला १ लाख ४० हजार ते ३ लाख २८ हजार पक्षी मरतात, तर मांजरी त्याच देशात वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्ष्यांचा फडशा पाडतात. पण मांजर सोनेरी गरुड मारत नाही. गरुड चार-पाच वर्षांचा झाल्यावर वीण सुरू करतो आणि वर्षाला एखाद-दुसरे पिल्लू वाढवतो. ग्रिफन गिधाड तर वर्षाला एकच अंडे घालते. अशा दीर्घायुषी पक्ष्यांत दरवर्षी थोडे प्रौढ कमी झाले तरी त्या प्रदेशातील संख्या सावरत नाही. चिमणी आणि गरुड एकाच बेरजेत धरले की हिशेब बरोबर येतो आणि निष्कर्ष चुकतो.

आल्टामाँटचा धडा

या प्रश्नाची जाणीव जगाला करून दिली ती कॅलिफोर्नियातील आल्टामाँट खिंडीने. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेकडील या टेकड्यांवर १९८० च्या दशकात पाच हजारांहून अधिक लहान पवनचक्क्या दाटीवाटीने उभारल्या गेल्या. गवताळ उतारांवर खारींची बिळे असंख्य, म्हणून शिकारी पक्ष्यांचा राबता. आणि खिंडीतून वाहणारा वाराही त्यांच्या घिरट्यांना पोषक. २००४ मध्ये राज्याच्या ऊर्जा आयोगासाठी शॉन स्मॉलवुड व कार्ल थेलँडर यांनी केलेल्या अभ्यासात तेथे वर्षाला ७५ ते ११६ सोनेरी गरुड मरत असल्याचा अंदाज मांडण्यात आला. त्याच वर्षी प्रकरण न्यायालयात गेले. पुढे राज्याच्या महाधिवक्त्यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली आणि जुन्या लहान चक्क्या काढून त्यांच्या जागी मोजक्या मोठ्या चक्क्या, उतार व खाचखळग्यांचा विचार करून बसवण्याचे काम सुरू झाले. तेही सर्वत्र सारखे यशस्वी ठरलेले नाही. एकदा चुकीच्या जागी प्रकल्प उभा राहिला की नंतरचे सारे उपाय मलमपट्टीचे ठरतात, हे मात्र आल्टामाँटने कायमचे शिकवले.

जागेची निवड आधी नीट केली की झाले, असे यावर कोणी म्हणेल. स्पेनचा अनुभव त्याला छेद देतो. अँडालुशियातील २० प्रकल्पांसाठी उभारणीपूर्वी वर्तवलेला धोका आणि नंतर प्रत्यक्ष झालेले पक्षिमृत्यू यांची तुलना मिगेल फेरेर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. दोहोंत फारसा संबंध आढळला नाही. पक्षी परिसरात किती आहेत यापेक्षा ते कोणत्या कड्यावरून, कोणत्या वाऱ्यात, कोणत्या एका चक्कीजवळून वळतात यावर मृत्यू अवलंबून असतो. एकाच प्रकल्पात बहुतेक चक्क्या निरुपद्रवी आणि दोन-चार घातक, असेही घडते.

दुर्बीण आणि दूरध्वनी

याच भागातील, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरील तारिफा परिसरात जो उपाय निघाला, त्याला तंत्रज्ञान म्हणावे की नाही असा प्रश्न पडेल. युरोप व आफ्रिका यांच्यातील समुद्र येथे अवघा १४ किलोमीटर रुंद आहे. घिरट्या घालत, उष्ण हवेच्या झोतांवर तरंगत जाणारे गिधाड, गरुड, करकोचे मोठ्या पाण्यावरून जाणे टाळतात. म्हणून युरोपभरचे थवे शरद ऋतूत या चिंचोळ्या जागी गोळा होतात. आणि वारा येथे भरपूर, म्हणून पवनचक्क्याही येथेच. २००८ पासून या भागात प्रशिक्षित निरीक्षक दुर्बिणी घेऊन बसू लागले. गिधाड धोक्याच्या चक्कीकडे येताना दिसले की नियंत्रण कक्षाला दूरध्वनी करायचा आणि जास्तीत जास्त तीन मिनिटांत ती एक चक्की थांबवायची, एवढीच पद्धत. सुरुवातीच्या अभ्यासात ग्रिफन गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वर्षभराच्या वीजनिर्मितीत घट झाली ती ०.०७ टक्के. तेरा वर्षांची आकडेवारी हाती आल्यावर, २०२२ मध्ये गिधाडांच्या मृत्यूंतील घट ९२.८ टक्के असल्याचे प्रसिद्ध झाले. वीजनिर्मितीतील तूट तेव्हाही अर्ध्या टक्क्याच्या आसपासच होती.

या दोन आकड्यांत साऱ्या विषयाचे मर्म आहे. पक्ष्यासाठी चक्की थांबवली तर वीज किती बुडेल, ही कंपन्यांची भीती अनाठायी आहे. कारण थांबवायच्या असतात त्या थोड्याच चक्क्या, थोड्याच दिवशी, थोड्याच मिनिटांसाठी. अवघड आहे ती वेळ नेमकी ओळखणे. पोर्तुगालमधील एका प्रकल्पात निरीक्षकांच्या जोडीला रडार देण्यात आले. पाच वर्षांत तेथे घिरट्या घालणारा एकही पक्षी मृत आढळला नाही आणि अनुभव वाढला तसा चक्क्या बंद ठेवण्याचा अवधीही घटत गेला. इजिप्तमध्ये सुएझच्या आखातावरील प्रकल्पांतही, पांढऱ्या करकोच्यांच्या स्थलांतरमार्गावर, हीच रीत अवलंबली जाते.

माणसाची नजर मात्र थकते, पगार मागते आणि वायोमिंगच्या हिवाळ्यात तासन्‌तास उभी राहू शकत नाही. कॅमेऱ्याची गरज तेथे निर्माण झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयडेंटिफ्लाइटने निरीक्षकांना दिसलेली ९६ टक्के उड्डाणे टिपली, शिवाय त्यांना न दिसलेले कितीतरी पक्षीही टिपले. ओळखताना तिच्या चुका होतात, पण त्या बहुतांशी सुरक्षित बाजूला झुकलेल्या असतात: गरुडाला ‘गरुड नाही’ म्हणण्याचे प्रमाण ६ टक्के, तर दुसऱ्याच पक्ष्याला गरुड समजण्याचे २८ टक्के. दुसऱ्या चुकीत काही युनिट वीज जाते, पहिल्या चुकीत गरुड जातो.

२०२१ मध्ये या यंत्रणेमुळे ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’मधील गरुडांचे मृत्यू ८२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. दोनच वर्षांनी मॅन्युएला हुसो आणि डॅनियल डॅल्थॉर्प या संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी तीच माहिती पुन्हा तपासून, घट झाल्याचा पुरावा तोकडा असल्याचे मत मांडले. मूळ संशोधकांनी मधल्या काळात अधिक नोंदी जमवून आपला निष्कर्ष कायम असल्याचे म्हटले होते. वादाचे मूळ समजण्याजोगे आहे. एका प्रकल्पात वर्षाला मरणारे गरुड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यांतही काही कलेवरे कोल्हे पळवतात, काही गवतात हरवतात. इतक्या लहान संख्येतील घट उपायामुळे झाली की योगायोगाने, हे सांगणे कठीण असते. कलेवरे शोधण्यासाठी आता माग काढणारी प्रशिक्षित कुत्री वापरली जातात. पक्षी वाचवण्याच्या तंत्रज्ञानात कुत्र्याच्या नाकाला मिळालेले हे स्थान यंत्रप्रेमींना खटकेल, पण तूर्त त्याला पर्याय नाही.

एक काळे पाते

होडोस यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणातून एक स्वस्त उपाय सुचला होता: तीन पात्यांपैकी एकच काळे रंगवायचे. तिन्ही सारखी असली की प्रतिमा एकमेकींत मिसळतात. एक वेगळे असले की डोळ्याला हालचाल पकडता येते. नॉर्वेच्या किनाऱ्यालगतचे स्मोला हे बेट पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडांचे मोठे वसतिस्थान. तेथील ६८ पवनचक्क्यांनी या गरुडांचा बळी घेतल्याने प्रकल्प बदनाम झाला होता. २०१३ मध्ये त्यांपैकी चार चक्क्यांचे प्रत्येकी एक पाते काळे करण्यात आले. रोएल मे व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: शेजारच्या न रंगवलेल्या चक्क्यांच्या तुलनेत पक्षिमृत्यू सुमारे ७२ टक्क्यांनी कमी, आणि परिणाम सर्वाधिक दिसला तो शिकारी पक्ष्यांत. त्याच बेटावर टार्मिगन नावाचे कोंबडीच्या कुळातील पक्षी पात्यांना नव्हे, तर पांढऱ्या मनोऱ्याच्या बुंध्यालाच आदळत. बुंधा काळा केल्यावर तेही जवळजवळ निम्म्याने घटले.

ही बातमी जगभर गाजली. मात्र प्रयोग चार चक्क्यांपुरता होता आणि अन्यत्र तो करून पाहावा, असे संशोधकांनीच बजावले होते. त्यानुसार नेदरलँड्समधील एम्सहाफेन, अमेरिकेतील वायोमिंग, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी रंगीत पात्यांचे प्रयोग हाती घेण्यात आले. व्यवहारातील अडचणीही आहेत. वैमानिकांना दिसाव्यात म्हणून पवनचक्क्या पांढऱ्या किंवा फिकट करड्या असाव्यात, असे विमानवाहतुकीचे नियम अनेक देशांत आहेत. काळे पाते उन्हात अधिक तापते. आणि उभ्या चक्कीवर चढून पाते रंगवणे, कारखान्यातच रंगवण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

ध्वनिक्षेपकांवरून कर्कश आवाज काढून पक्ष्यांना हुसकावणाऱ्या यंत्रणाही बाजारात आहेत. शेतातल्या बुजगावण्याला सरावलेले कावळे ज्याने पाहिले आहेत, त्याला त्यांची मर्यादा निराळी समजावून सांगायला नको.

समुद्रावरील पवनचक्क्यांचा प्रश्न आणखी निराळा. तेथे कलेवर सापडतच नाही. पाणी पुरावा गिळून टाकते. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनजवळच्या ११ चक्क्यांच्या प्रकल्पात रडार आणि कॅमेरे जोडून दोन वर्षे पाळत ठेवण्यात आली. २०२३ मधील अहवालानुसार दहा हजारांहून अधिक चित्रफितींत एकही टक्कर नोंदली गेली नाही; समुद्रपक्षी पात्यांना शिताफीने वळसा घालत होते. हे निरीक्षण दिवसाचे. रात्री उत्तर समुद्र ओलांडणाऱ्या लाखो लहान पक्ष्यांसाठी नेदरलँड्सने दुसरा मार्ग धरला. हवामानाच्या अंदाजाप्रमाणे स्थलांतराचा अंदाज दोन दिवस आधी वर्तवायचा आणि त्या रात्री चक्क्यांची गती मिनिटाला दोन फेऱ्यांपर्यंत खाली आणायची. मे २०२३ मध्ये बोर्सेले व एग्मंड येथील चक्क्या अशा रीतीने चार तास मंदावण्यात आल्या. समुद्रावर पक्ष्यांसाठी सरकारी आदेशाने असे प्रथमच घडले.

चाळकेवाडीचे सरडे

भारताने २०२५ मध्ये ५० हजार मेगावॉट पवनऊर्जेचा टप्पा ओलांडला. या प्रवासाच्या आरंभीच्या खुणा सातारा जिल्ह्यात आहेत. सज्जनगड मागे टाकून ठोसेघरच्या पुढे गेले की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी या पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर उद्धृत होऊ लागला. चक्क्या नसलेल्या भागात तिसा, कापशी यांसारखे शिकारी पक्षी चक्क्या असलेल्या भागाच्या जवळजवळ चौपट आढळले. परिणामी चक्क्यांखाली सरड्यांची संख्या वाढली. हा सरडा गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारा, पठाराचा खास रहिवासी. त्याच्या प्रजातिसमूहाला २०१६ मध्ये शास्त्रीय नाव देताना मराठी ‘सरडा’ हाच शब्द घेण्यात आला होता. शत्रू कमी झाल्याने या सरड्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक घटले आणि माणूस अगदी जवळ आला तरी ते पळेनासे झाले. संशोधकांनी तर पवनचक्कीला अन्नसाखळीच्या शिखरावरच्या भक्षकाची उपमा दिली.

या निष्कर्षापुढे कॅमेरे आणि काळी पाती अपुरी वाटू लागतात. पक्षी आदळून मेला तर कलेवर मिळते. तो जागा सोडून गेला तर काहीच मिळत नाही. टक्कर टाळणारे कोणतेही यंत्र गेलेला तिसा परत आणत नाही.

आदळून मरणाऱ्यांची मोजणीही भारतात थोड्याच ठिकाणी झाली आहे. साताऱ्याच्या भांबरवाडी पठारावर सतीश पांडे आणि सहकाऱ्यांनी टकरींच्या धोक्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. कच्छमधील सामखियाळी आणि कर्नाटकातील हरपनहळ्ळी येथे तीन वर्षांत किमान ११ जातींच्या ४७ पक्ष्यांची कलेवरे सापडली. दर चक्कीमागे वर्षाला सरासरी अर्धा पक्षी. आकडा लहान दिसतो, पण तो हजारो चक्क्यांनी गुणावा लागतो. माळढोकाच्या बाबतीत तर धोका पवनचक्कीपेक्षा तिच्यापासून निघणाऱ्या वीजतारांचा अधिक. तारा भूमिगत करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१ चा आदेश मार्च २०२४ मध्ये सौम्य झाला आणि विषय तज्ज्ञ समितीकडे गेला.

परदेशांत जे उपाय झाले ते कायद्याच्या धाकाने. भारतात पवनऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या सूचीतच स्थान देण्यात आले नाही. हरित ऊर्जेला मूल्यांकन कशाला, असा त्यामागचा विचार. उभारणीपूर्वीचा अभ्यास बंधनकारक नाही, मग उभारणीनंतर कलेवरे मोजण्याचा आग्रह कोण धरणार? स्पेनमध्ये निदान चुकीचा अंदाज चुकीचा होता हे कळले, कारण अंदाजही लिहिलेला होता आणि मृत्यूही मोजलेले होते.

सुधारणेची एक संधी मात्र जवळ आली आहे. दोन मेगावॉटपेक्षा लहान, जुन्या पवनचक्क्या काढून मोठ्या बसवण्याचे राष्ट्रीय धोरण केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. सह्याद्रीच्या पठारांवरील पहिल्या पिढीच्या चक्क्या याच वर्गात मोडतात. पाचांच्या जागी एक चक्की येणार असेल, तर ती एक कोठे उभी राहावी हे ठरवताना वाऱ्याच्या नकाशाबरोबर शिकारी पक्ष्यांच्या घिरट्यांचाही नकाशा समोर ठेवता येईल, आणि नवे पाते कारखान्यातून निघतानाच काळे रंगवता येईल. त्यासाठी आधी कोणीतरी दुर्बीण घेऊन वर्षभर त्या पठारांवर बसावे लागेल.